राब, ऐन आणि साग : भिवंडी परिसरातील भातजमिनीच्या सुपीकतेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या वनसंघर्षाचा अभ्यास प्रामुख्याने कायदा, महसूल आणि प्रतिकार या अंगांनी झाला आहे. ज्या मातीसाठी शेतकरी झाडाच्या फांद्यांवर हक्क सांगत होता, त्या मातीचा विचार मात्र अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखात भिवंडी व लगतच्या शहापूर, वाडा तालुक्यांच्या संदर्भात तो करावयाचा आहे.

या भागातील भातशेतीचा पाया म्हणजे राब. उन्हाळ्यात झाडांचे टहाळ तोडून वाळवायचे, रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरून पावसाआधी ते भाजायचे आणि त्या राखेत बी पेरायचे, अशी ही पद्धत. येथील मुसळधार पावसाने उतारावरील जमिनीतून चुना व पालाश वाहून जातात. राखेतून ही द्रव्ये आणि थोडे स्फुरद परत मिळे. पाल्यातील नत्र भाजणीत बहुतांशी वायुरूपाने निघून जाते, हे खरे. परंतु उष्णतेने मातीतील सेंद्रिय नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपात मोकळा होतो आणि तणाचे बीही मरते. राबाकडे निव्वळ झाडांची नासाडी म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजू फारशी जमेस धरली नाही.

टहाळासाठी ऐनाला असलेली पसंतीही अकारण नव्हती. छाटणीनंतर तो पुन्हा जोमाने फुटतो. त्याच्या सालीत चुन्याचा अंश इतका असतो की तिची राख विड्याला चुना म्हणून वापरली जाई. शेतकऱ्याचे रसायनशास्त्र असे विड्यापर्यंत पोहोचलेले होते!

वनखात्याची दृष्टी मात्र सागावर होती. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यानंतर इमारती लाकूड व जळण यांची मागणी वाढत गेली. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातील टहाळतोडीवर निर्बंध आले. सागाची रुंद पाने पावसाचे थेंब मोठे करून खाली सोडतात. खालची झुडुपे विरळ असतील, तर उतारावरील माती धुपते. शिवाय सागालाही चुना भरपूर लागतो, आणि लाकडाबरोबर तो तालुक्याबाहेर जातो. टहाळाची राख निदान गावच्याच खाचरात राहत असे. प्रस्तुत लेखकाच्या मते संघर्षाचे मूळ येथे आहे.

राबाच्या प्रश्नाची चौकशी 1885 मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाने केली. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. डॉ. फोल्कर यांच्या 1893 च्या शेतीविषयक अहवालातही राबाची दखल आहे. भारतीय शेतकरी अडाणी नसून त्याच्यापाशी साधनांची वाण आहे, असा त्यांचा एकंदर रोख होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वनीकरणात निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. ही बाभूळ हवेतील नत्र स्थिर करते. पण तिचा चिवट पाला लवकर कुजत नाही. याउलट बांधावरील गिरिपुष्पाचा नत्रयुक्त पाला चिखलणीच्या वेळी गाडल्यास काही आठवड्यांतच कुजतो आणि नत्र जाळून गमवावे लागत नाही. झाडाचे सत्त्व खाचरात आणण्याचे राबाचेच हे तत्त्व, केवळ आगीवाचून.

तथापि भिवंडीत आता बांधच नाहीसे होत आहेत. राहनाळ, काल्हेर, माणकोलीकडील खाचरांवर मुरूम पडून गोदामे उभी राहिली आहेत. तालुक्याच्या ज्या भागांत अद्याप भात पिकतो, तेथे ऐनाखालील, सागाखालील आणि गिरिपुष्पाच्या बांधालगतच्या मातीचे नमुने घेऊन तुलना करणे आजही शक्य आहे. इतिहास आणि रसायनशास्त्र या दोन विभागांनी ते काम एकत्रितपणे हाती घ्यावे.