पंत, आप्पासाहेब

पंत, आप्पासाहेब : (१९१२–९२). भारतीय राजनैतिक अधिकारी व इंग्रजी आत्मपर लेखक. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे पुत्र. शिक्षण ऑक्सफर्डला. १९३९ मध्ये औंधने प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली, त्या प्रयोगात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यासोबत त्यांचाही हात होता.

१९४८ मध्ये नैरोबीत भारताचे आयुक्त. आफ्रिकी राष्ट्रवाद्यांशी त्यांची जवळीक वसाहतीच्या सरकारला खुपली. पुढे सिक्कीमला राजनैतिक अधिकारी असताना १९५८ मध्ये ते नेहरूंबरोबर नथुलामार्गे, चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले. मोटाररस्ता नव्हता, अडुसष्ट वर्षांच्या पंतप्रधानांनी खिंडी-चढण ओलांडली ती तट्टावर, याकवर आणि पायी.

नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली.

‘अ मोमेंट इन टाइम’ (१९७४) हे त्यांचे आत्मचरित्र. ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ (१९८७) मात्र नावापासूनच खट्याळ. ती तारीखवार रोजनिशी नव्हे, किश्शांची पोतडी आहे. अधिकृत टिपणात न मावणारा माणूस इथे भेटतो, म्हणून अभ्यासकाने ती दप्तराशेजारी ठेवावी.