जात्यापासून लेखणीपर्यंत

मराठी स्त्रीच्या वाङ्मयाचा आरंभ शोधावयाचा, तर आम्ही प्रथम ग्रंथालयाकडे वळतो. वस्तुतः जात्यापाशी जावयास हवे. पहाटेच्या दळणात जात्याच्या फेऱ्यांची लय ओवीत उतरली. माहेर, भाऊ, लेकरू, सासुरवास हे तिचे विषय झाले. जनाबाईंच्या अभंगांत तर दळूकांडू लागावयास साक्षात विठ्ठल येतो. नित्याचे कष्ट काव्यास अयोग्य आहेत, असे नामदेवांच्या घरच्या त्या दासीस कधी वाटले नाही.

विषयांची वाण स्त्रीस कधीच नव्हती. वाण होती ती लेखणीची. पीठ डब्यात गेले आणि ओवी वाऱ्यावर गेली, असे पिढ्यान्‌पिढ्या घडले.

लक्ष्मीबाई टिळकांच्या हाती ही लेखणी आली. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या कडक सोवळ्याचा जाच, संसारातील ओढाताण, पतीचे धर्मांतर हे सारे त्यांनी स्वयंपाकघरातल्या बोलीत सांगितले. स्वतःच्या फजितीवर हसण्याचे धैर्य त्या बोलीनेच त्यांस दिले, असे आम्हांस वाटते.

खानदेशातील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. चूल, जाते, पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा यांतून त्यांना गाणी सुचत. ती घरच्यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या निवर्तल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. सोपानदेवांसारखा कवी त्यांच्या पोटी जन्मला नसता, तर काय उरले असते? ज्यांच्या घरी टिपणारे कोणी नव्हते, अशा बहिणाबाई किती होऊन गेल्या असतील!

बेळगावच्या इंदिरा संत शिकलेल्या, अध्यापिका. १९४६ साली पतिवियोग झाला. मुलांचे संगोपन आणि नोकरी सांभाळत त्यांनी कविता लिहिली. १९५१ साली ‘शेला’ आला. ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पुढे ‘मालनगाथे’त त्यांनी निनावी स्त्रियांच्या लोकगीतांचा रसास्वाद घेतला. लेखणी लाभलेली कवयित्री पुनः जात्यापाशी जाऊन बसली, यात आम्हांस कृतज्ञता दिसते.

आता घरोघरची जाती थांबली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तेवढ्या राहिल्या. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांतही आजीच्या ओठी एखादी ओवी अजून असेल. आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांस निबंधाचे विषय देतो. एकदा त्यांस आजीपाशी वही घेऊन बसावयास सांगावे. तिला सांगावयाचे पुष्कळ आहे. लिहून घेणारा हात तेवढा हवा.