गोडसे भटजींनी पाहिलेली झाशी : खाणे, खेळ आणि एक जळालेले ग्रंथालय

१/ झाशी म्हटले की आपल्याला किल्ला, घोडा आणि तलवार आठवते. पण १८५७ च्या त्या शहरात लोक कसे जगत होते? व्यायाम कोणता करीत, सण कसे साजरे करीत, वाचायला काय होते? या प्रश्नांची उत्तरे एका पाहुण्याने मराठीत लिहून ठेवली आहेत. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/ विष्णुभट गोडसे, जन्म १८२७, राहणार पेणजवळचे वरसई. घरी कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने तिशीतला हा भिक्षुक काकांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला. वाटेत महूजवळ बंडाची कुणकुण लागली. पुढे ग्वाल्हेरमार्गे तो झाशीला पोहोचला.

३/ तो ना सैनिक होता, ना बातमीदार. त्यामुळे त्याची नजर तोफांच्या आधी माणसांवर जाते. राणी लक्ष्मीबाईंचे पहाटे उठणे, व्यायाम, स्नान, दानधर्म, मग दरबार. त्यांचा पोशाख, अंगावरचे मोजके दागिने. थंडीने काकडणाऱ्या गोरगरिबांना त्यांनी टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटल्याचेही तो नोंदवतो.

४/ खेळ पाहा. राणीच्या दिनक्रमात मल्लखांब आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली. पेशवाई बुडाल्यावर बाजीराव बिठूरला गेले. राणीचे बालपण त्याच बिठुरात गेले. पुणे, बिठूर, झाशी : एका खांबाच्या आधारे मराठी संस्कृतीचा प्रवास असा नकाशावर काढता येतो.

५/ आता सण. इंग्रजी फौज जवळ येत असतानाही झाशीच्या वाड्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू थाटात झाले. आरास झाली, शहरातल्या स्त्रिया आल्या. चैत्रगौर म्हटली की आपल्याला आजही वाटली डाळ आणि पन्हे आठवते. बुंदेलखंडातल्या एका शहराने कोकणातून आलेल्या पाहुण्याला आपल्या घरासारखे वाटावे, याचे कारण हेच : तिथे एक दक्षिणी वसाहत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती.

६/ राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहाविषयी तो आदराने लिहितो. राणीचे पती गंगाधरराव नाटकांचे शौकीन होते. मात्र ते १८५३ मध्येच वारले. म्हणजे ही गोष्ट भटजींनी ऐकलेली, पाहिलेली नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

७/ मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने वेढा दिला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्यानंतरची लूट भटजींनी जीव मुठीत धरून पाहिली. तिचा क्रम त्याने टिपला आहे : आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, शेवटी धान्य. म्हणजे प्रथम तिजोरी गेली, मग स्वयंपाकघर, आणि अखेर ताटातला घास. ग्रंथसंग्रहाचाही नाश झाला. भटजींनी जमवलेली दक्षिणाही गेली.

८/ अखेर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परतला. पैसा नव्हता, आठवणी होत्या. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास त्या कागदावर उतरल्या. ‘माझा प्रवास’ छापला गेला १९०७ मध्ये, वैद्यांच्या संस्कारांसह. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची.

९/ मग यावर विश्वास किती ठेवावा? तीन चाळण्या लावाव्यात. पहिली : पाहिलेले की ऐकलेले? जून १८५७ मध्ये झाशीत गोऱ्यांची कत्तल झाली, तेव्हा तो तिथे नव्हता. दुसरी : घटना आणि लेखन यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. तिसरी : ही एका दक्षिणार्थी ब्राह्मणाची नजर आहे, दानधर्म तिला ठळक दिसतो, इतर बरेच काही पुसट. या चाळण्यांतून जे उरते, ते मात्र कोणत्याही लष्करी खलित्यात सापडत नाही.

१०/ हे मी नागपूरजवळच्या बेसा येथून लिहितो आहे, म्हणून एक तुलना सुचते. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव गेले, ११ डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले. दोन्ही राज्ये डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केली. भोसल्यांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. त्या लिलावाचा हिशेब सरकारी कागदांत मिळतो. पण हिशेबातून वाड्यातली सकाळ कळत नाही. झाशीची कळते, कारण तिथे एक कर्जबाजारी पाहुणा डोळे उघडे ठेवून वावरत होता.

११/ म्हणून विनंती एवढीच. आपल्या घरी आजोबा-पणजोबांचे प्रवासाचे टिपण, हिशेबाची वही, पत्र असेल तर रद्दीत घालू नका. गावाचे नाव, साल आणि लिहिणाऱ्याचे नाव टिपून ठेवा. भटजींनाही आपण इतिहास लिहितो आहोत, असे वाटले नसेल.