पगार कोण देतं? ब्रिटनमधल्या प्रॅक्टिस नर्सचा इतिहास कसा वाचायचा

एखाद्या व्यवसायाच्या इतिहासावर काम सुरू केलं की आपण आधी दोन गोष्टी गोळा करतो: कायदे आणि समित्यांचे अहवाल. त्यांच्या तारखा ओळीनं मांडल्या की प्रगतीची एक छान चढती रेषा दिसायला लागते. आधी काहीच नव्हतं, मग समिती बसली, मग कायदा झाला, मग अधिकार मिळाले. माझ्या विषयात तर ही रेषा फारच मोहात पाडणारी आहे. आजच्या लेखात ती रेषा कुठे कुठे तुटते ते तुम्हाला दाखवतो, कारण तुमच्या विषयातही ती अशीच तुटण्याची शक्यता मोठी आहे.

विषय आहे ब्रिटनमधली प्रॅक्टिस नर्स. तिथे प्रत्येक नागरिक एखाद्या जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेला असतो. त्या दवाखान्यात काम करणारी नर्स ती प्रॅक्टिस नर्स. (जुनी कागदपत्रं वाचताना एक लक्षात ठेवा: तिथे 'सर्जरी' म्हणजे ऑपरेशन नव्हे, तर डॉक्टरचा दवाखाना. पहिल्या आठवड्यात सगळेच यात अडखळतात.) आज ही नर्स मधुमेह आणि दम्याचे रुग्ण सांभाळते, लसीकरण करते, पुढचं प्रशिक्षण घेतलेलं असेल तर निदान करते आणि औषधंही लिहून देते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ड्रेसिंग, इंजेक्शन आणि कानातला मळ काढणं हे तिचं मुख्य काम होतं. हा बदल कसा झाला?

१९४८: नोकर कोणाची?

५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. आपण सहज धरून चालतो की त्या दिवसापासून सगळे सरकारी नोकर झाले. तसं झालं नाही. रुग्णालयं सरकारकडे गेली, पण जीपी स्वतंत्र कंत्राटदारच राहिले. घरोघरी जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्स स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीत होत्या. जीपीच्या दवाखान्यात नर्स हवी असेल तर डॉक्टरनं ती स्वतःच्या खिशातून ठेवायची. साहजिकच फार कमी जणांनी ठेवली. बऱ्याच ठिकाणी फोन घेणं, रुग्णांना बसवणं, कागद लावणं हे काम डॉक्टरची बायको करायची, तेही बिनपगारी.

हा एक मुद्दा पक्का धरून ठेवा: प्रॅक्टिस नर्सचा मालक सरकार नाही, डॉक्टर आहे. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यातून उलगडते.

१९६६: सत्तर टक्के

१९६५ पर्यंत जीपी इतके वैतागले होते की हजारोंनी बिनतारखेचे राजीनामे लिहून आपल्या संघटनेकडे देऊन ठेवले. मग वाटाघाटी झाल्या आणि 'फॅमिली डॉक्टर चार्टर' नावाचा करार आकाराला आला. १९६६ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेत एक कलम होतं: दवाखान्यातल्या साहाय्यक कर्मचाऱ्यांच्या पगाराचे ७० टक्के सरकार परत देईल, एका डॉक्टरमागे पूर्ण वेळच्या दोन माणसांपर्यंत.

या कलमाचा हेतू नर्सिंगचा विकास हा नव्हता. हेतू होता संतापलेल्या डॉक्टरांना शांत करण्याचा आणि पडके, एकट्यानं चालवलेले दवाखाने जरा सुधारण्याचा. पण परिणाम बघा. शंभर पौंडांची नर्स आता डॉक्टरला तीस पौंडांत पडायला लागली. आधुनिक प्रॅक्टिस नर्सचा जन्म शोधायचा तर तो नर्सिंगच्या एखाद्या अहवालात सापडत नाही, तो डॉक्टरांच्या पगाराच्या भांडणात सापडतो. जीपींच्या फी आणि भत्त्यांचं एक नियमपुस्तक होतं, त्याला सगळे 'रेड बुक' म्हणत. वाचायला अतिशय कंटाळवाणं. माझ्या मते या विषयातला तो सर्वांत महत्त्वाचा ऐवज आहे.

नर्स आणि संशोधन

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा भाग विशेष जवळचा वाटेल. १९७० च्या दशकात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सौम्य उच्च रक्तदाबावर एक प्रचंड चाचणी हाती घेतली. १७,३५४ लोकांनी त्यात भाग घेतला आणि निकाल १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ही चाचणी मोठ्या रुग्णालयांत झाली नाही, ती देशभर पसरलेल्या जीपींच्या दवाखान्यांत झाली. आणि तिथे रक्तदाब मोजण्याचं, ठरलेल्या पद्धतीनं नोंदी ठेवण्याचं, वर्षानुवर्षं त्याच माणसांना परत बोलावण्याचं काम त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या नर्सेसनी केलं.

याचा अर्थ असा की दीर्घ आजाराचे रुग्ण नर्स शिस्तीनं आणि वर्षानुवर्षं सांभाळू शकते, हे धोरणकर्त्यांनी ठरवण्याआधीच दवाखान्यांमध्ये घडत होतं. काम आधी बदललं. नाव, अधिकार आणि पगार मागून आले, किंवा आलेच नाहीत.

१९८६: एकाच अहवालाची दोन तोंडं

ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा सामुदायिक नर्सिंगवरचा अहवाल १९८६ मध्ये आला. आज त्याची आठवण काढली जाते ती एका शिफारशीसाठी: नर्सला मर्यादित औषधं लिहून देण्याचा अधिकार द्यावा. म्हणून प्रगतीच्या रेषेवर त्याचं स्थान मानाचं.

पण अहवाल पूर्ण वाचा. त्यात असंही म्हटलंय की जीपींना नर्सच्या पगारासाठी मिळणारं अनुदान हळूहळू बंद करावं. समितीचं म्हणणं होतं की नर्सनं डॉक्टरच्या हाताखाली विखुरलेलं राहू नये. दहा ते पंचवीस हजार लोकवस्तीच्या परिसरासाठी नर्सेसची स्वतंत्र सेवा असावी, तिचं नेतृत्व नर्सकडे असावं आणि जीपींशी लेखी करार करून काम व्हावं. म्हणजे नर्सला अधिकार मिळावेत असं सांगणाराच अहवाल प्रॅक्टिस नर्स ही जागा संपवायला निघाला होता.

आता तुम्ही त्या काळातल्या प्रॅक्टिस नर्सच्या जागी उभं राहून हे वाचा. हा अहवाल तुमच्या बाजूचा की विरोधातला? याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. तत्त्व म्हणून तो नर्सिंगच्या बाजूचा आहे, आणि तुमची नोकरी मात्र धोक्यात आणतो. इतिहासात 'नर्सेसना काय हवं होतं?' असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा आधी 'कोणत्या नर्सेसना?' हे विचारायला हवं, ते यासाठी.

१९९०: आकडे आणि क्लिनिक

जीपींचा विरोध होता आणि ती शिफारस बाजूलाच राहिली. त्याऐवजी १९९० मध्ये नवं कंत्राट आलं, जे बहुतेक डॉक्टरांना नको होतं. त्यात लक्ष्यं होती. बालकांच्या लसीकरणात ९० टक्के गाठले तर वरच्या दराचे पैसे, ७० टक्क्यांना खालच्या दराचे, त्याखाली काही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीत हेच आकडे ८० आणि ५० होते. शिवाय आरोग्यसंवर्धनाचं प्रत्येक क्लिनिक भरवलं की ४५ पौंड.

ही कामं कोण करणार? डॉक्टरांनी भराभर नर्सेस नेमल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांची संख्या काही पटींनी वाढली. ज्यांना एका दशकात नेमकं कसं प्रशिक्षण द्यावं हे ठरलं नव्हतं, त्यांच्यावर एकदम लक्ष्य गाठायची जबाबदारी आली. आणि त्या क्लिनिकांचा उपयोग किती? १९९३ मध्येच ती फी-पद्धत बदलावी लागली. १९९४ मध्ये ब्रिटिश फॅमिली हार्ट स्टडी आणि ऑक्सचेक या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. नर्सनं तपासणी आणि सल्ला दिल्यानं हृदयविकाराचा धोका कमी झाला खरा, पण बेताचाच. नर्स अपयशी ठरली असा याचा अर्थ काढू नका. कामाची आखणी पैशाच्या नियमानं झाली होती, पुराव्यानं नव्हे.

औषध लिहायला वीस वर्षं

आता अधिकारांचं घड्याळ बघा. १९८६ ची शिफारस, १९८९ चा क्राउन अहवाल, १९९२ चा कायदा, १९९४ मध्ये आठ ठिकाणी प्रयोग. तोही कोणासाठी? डिस्ट्रिक्ट नर्स किंवा हेल्थ व्हिजिटर ही पात्रता असलेल्यांसाठी. नुसत्या प्रॅक्टिस नर्सला त्यात जागाच नव्हती. २००२ मध्ये यादी आणि पात्रता दोन्ही वाढली. २००६ मध्ये प्रशिक्षित नर्सला आपल्या कार्यकक्षेतलं जवळजवळ कुठलंही औषध स्वतंत्रपणे लिहिता यायला लागलं. शिफारशीपासून इथवर वीस वर्षं.

सगळंच पैशानं घडलं असं मात्र म्हणू नका, ते दुसऱ्या टोकाचं सोपं उत्तर होईल. बार्बरा स्टिलवेल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये नर्स प्रॅक्टिशनर म्हणून रुग्ण थेट तपासत होत्या. तेव्हा त्यासाठी कोणी फी देत नव्हतं. ही कल्पना अमेरिकेतून आली होती. तिथे लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोरॅडोत असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला होता. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं १९९० मध्ये ब्रिटनमध्ये तसा अभ्यासक्रम काढला. १९९२ मध्ये नर्सिंगच्या नियामक मंडळानं सांगितलं की नव्या कामासाठी डॉक्टरच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आपली क्षमता नर्सनं स्वतः ओळखावी आणि तिची जबाबदारी घ्यावी. हा बदल व्यवसायाच्या आतून आला. २००२ मध्ये आलेल्या एका पद्धतशीर आढाव्यानं दाखवलं की नर्स प्रॅक्टिशनरकडे गेलेले रुग्ण जास्त समाधानी होते, सल्ल्याला वेळ जास्त लागत होता आणि प्रकृतीच्या परिणामांत डॉक्टरांच्या तुलनेत फरक दिसला नाही.

२००४: काम वाढलं, शिडी नाही

२००४ हे एकच वर्ष नीट पाहिलं तरी सगळा पेच समजतो. त्या वर्षी जीपींचं नवं कंत्राट आलं. त्यात गुणवत्तेसाठी १,०५० गुण आणि १४६ निकष होते. गुणाला पैसा. मधुमेह, दमा, रक्तदाब यांचे बरेचसे गुण नर्सच्या टेबलावर कमावले जात होते. त्याच वर्षी एनएचएसच्या कर्मचाऱ्यांसाठी देशव्यापी वेतनश्रेणी लागू झाली: कोणतं काम, कोणती पायरी, किती पगार, सगळं ठरलेलं. पण प्रॅक्टिस नर्स त्याबाहेर, कारण तिचा मालक डॉक्टर. १९४८ चा तो मुद्दा आठवतोय ना?

म्हणजे दहा मैलांवरच्या दोन दवाखान्यांत तेच काम करणाऱ्या दोघींचा पगार, प्रशिक्षणाची रजा, आजारपणाची सोय वेगवेगळी असू शकते. नर्स दवाखान्यात भागीदार होऊ शकते अशी कायदेशीर वाटही तेव्हा मोकळी झाली, पण त्या वाटेनं गेलेल्या थोड्याच. क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूटच्या २०१५ च्या सर्वेक्षणात सुमारे एक तृतीयांश नर्सेसनी २०२० पर्यंत निवृत्त होणार असल्याचं सांगितलं, तेव्हा धावपळ झाली. २०१७ मध्ये दीड कोटी पौंडांचा दहा कलमी आराखडा आला. आणि २०१९ मध्ये इंग्लंडनं दवाखान्यांत नवे कर्मचारी नेमायला अनुदान दिलं, सुरुवातीला औषधतज्ज्ञांच्या पगाराच्या पुन्हा नेमक्या ७० टक्क्यांचं. त्या यादीत प्रॅक्टिस नर्स नव्हती.

तुमच्या वहीत तीन रकाने

म्हणून माझी एक सूचना. तुमच्या विषयाची कालरेषा एकच काढू नका, तीन काढा: काम कधी बदललं, अधिकार कधी मिळाला, पगार आणि बढतीची वाट कधी बदलली. तिन्ही तारखा जुळल्या तर उत्तमच. बहुधा जुळणार नाहीत, आणि तुमचा संशोधनप्रश्न त्या अंतरातच सापडेल.

हा तक्ता आपल्याकडेही वापरून बघा. २०१८ पासून उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रात रूपांतर सुरू झालं आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. महाराष्ट्रात त्यावर बीएएमएस झालेले आहेत आणि नर्सिंगची पदवी घेतलेलेही. नेमणूक कंत्राटी, मानधनाचा एक भाग ठरलेला, दुसरा कामाच्या निकषांवर. पहिला रकाना भरायला शासनाचे निर्णय पुरतील. तिसऱ्या रकान्यासाठी नेमणुकीची पत्रं, मानधनाची बिलं आणि त्या माणसांच्या मुलाखती लागतील. तिथून सुरुवात करा.