हप्ता मालकाने थकवला, तरी आजारपणाचा लाभ कामगाराचाच

वर्धा : पगारपत्रकात ‘ईएसआय’ या नावाखाली दरमहा रक्कम कापली जाते आणि कामगारही त्याविषयी फारसे विचारत नाही. पुढे कधी टायफॉइड होतो, तीन आठवडे अंथरूण धरावे लागते आणि आजारपणाचे पैसे मागायला गेल्यावर कळते की, कापलेली रक्कम मालकाने भरलेलीच नाही. अशा वेळी कामगार दोन समजुती करून घेतो. मालकाने पैसे भरले नाहीत, म्हणजे आपला हक्क बुडाला, ही पहिली. आजारपणाचा पगार मालकानेच द्यायचा असतो, तेव्हा त्याच्याच दारात खेटे घालायचे, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचे पैसे मालक देत नाही, महामंडळ देते. मालकाची जबाबदारी कामगाराची नोंदणी करण्याची आणि दरमहा अंशदान भरण्याची. १ जुलै २०१९ पासून हे अंशदान मालकाचे वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के असे ठरले. महिना १५ हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून सुमारे ११३ रुपये कापले जातात आणि मालकाने आपले सुमारे ४८८ रुपये त्यात घालून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. पगारपत्रकावरची कपात पाऊण टक्क्याहून जास्त दिसली, तर तिथेच पाणी मुरते आहे असे समजावे.

मोबदला काय मिळतो? सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. रोजचे सरासरी वेतन ५०० रुपये असलेला कामगार २१ दिवस आजारी असेल, तर १९ दिवसांचे ३५० रुपये दराने ६,६५० रुपये होतात. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घकालीन आजारांसाठी, सेवेच्या अधिक कडक अटी पूर्ण झाल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. घरातला एकच कमावता माणूस वर्षभर खाटेवर असेल, तर हा आधार किती मोठा, हे सांगायला नको.

साध्या आजारपणाच्या लाभाची मुख्य अट अशी की, सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान कामगाराच्या नावे ‘देय’ असले पाहिजे. सारा वाद या एका शब्दाभोवती फिरतो. १९४८ च्या कायद्याने विमाधारकाची व्याख्या करतानाच ज्याच्यासाठी अंशदान ‘देय आहे किंवा होते’ असा माणूस, असे म्हटले होते. मालकाने ते प्रत्यक्षात भरले की नाही, यावर कामगाराचे विमाधारकपण अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने भारगथ इंजिनिअरिंगच्या खटल्यात २००२ मध्ये नेमके हेच सांगितले. त्या प्रकरणात अपघाती मृत्यूनंतर अंशदान भरले गेले होते, तरी कामगार विमाधारकच ठरला. मालकाच्या कसुरीमुळे लाभ अडत असेल, तर महामंडळाने तो द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशीही तरतूद आहे. ही तरतूद कामगारांच्या कानावर फारशी घातली जात नाही, हे मात्र खरे.

या योजनेचा पाया प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने घातला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती नागपूरला आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. योजनेचा गाभा तोच राहिला. अधिसूचित क्षेत्रांची जुनी अट मात्र गेली. तोवर गाव यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे लागे.

मालकाशी वाद घालण्यापूर्वी कागद गोळा करणे शहाणपणाचे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचे पासबुक, हजेरी कार्ड, गेटपास, यांतले जे हाती असेल ते जपावे. आपल्या विमा क्रमांकावर किती अंशदान जमा आहे, हे महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. महिनोन्‌महिने खाते कोरे दिसले, तर आजारी पडण्याची वाट पाहू नये. आजारपणाचे प्रमाणपत्र योजनेच्या दवाखान्यातील डॉक्टरांचे असावे लागते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतले असतील, तर ते कागद पर्यायी पुरावा म्हणून मानायचे की नाही, हे महामंडळ ठरवते. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्याला कळवलेले बरे.

त्यानंतर मालकाला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी विनवण्यांची नोंद कुठेच राहत नाही. पत्राला उत्तर आले नाही, तर महामंडळाच्या शाखा कार्यालयाकडे लाभाचा दावा आणि थकबाकीची तक्रार, दोन्ही एकाच वेळी दाखल करावेत. तिथे दाद लागली नाही, तर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरातील महामंडळाच्या कार्यालयाकडे जाता येते. एकट्याने पुढे होण्याची भीती वाटत असेल, तर संघटनेमार्फत किंवा दहा-बारा जणांनी मिळून अर्ज करणे सोपे जाते. एकाचा हप्ता थकला असेल, तर बहुधा साऱ्यांचाच थकलेला असतो. महामंडळाने दावा नाकारला, तर कर्मचारी विमा न्यायालयाचा मार्ग आहे.

थकवणाऱ्या मालकावर १२ टक्के व्याज आणि नुकसानभरपाईचा बोजा पडतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम. ती कायद्याच्या दृष्टीने मालकाकडे विश्वासाने सोपवलेली असते. ती न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. नव्या संहितेत यासाठी एक ते तीन वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. मात्र खटल्याआधी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते. काही मालक या संधीचीच वाट पाहत बसतील, ही शंका अनाठायी म्हणता येत नाही.

कंत्राटी कामगारांची अडचण वेगळी. कंत्राटदार दर वर्षी बदलतो, जुना गाव सोडून जातो आणि कारखाना हात वर करतो. पण अंशदान भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाचीच असते. ती रक्कम कंत्राटदाराकडून नंतर वसूल करण्याचा अधिकार त्याला आहे. ‘तुमचा ठेकेदार शोधा’ हे उत्तर म्हणून ऐकून घेऊ नये.

योजनेच्या बाहेर असलेल्यांचे काय? वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपये झाली. त्याहून अधिक पगार असलेला कर्मचारी सहसा योजनेत येत नाही. दुकाने व कार्यालयांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि साठवता येणारी अर्जित रजा आहे, परंतु आजारपणाची वेगळी पगारी रजा नाही. नेमणूकपत्रात ती लिहून घेतली असेल, तरच मागता येते.

वर्धा जिल्ह्यात सर्वाधिक टोचणारी उणीव मात्र कापसाच्या व्यवसायातच आहे. केवळ सरकी काढणे आणि रुईच्या गाठी बांधणे एवढेच काम करणारे जिनिंग-प्रेसिंग हे ‘हंगामी कारखाना’ ठरते आणि हंगामी कारखाने १९४८ पासून योजनेतून वगळलेले आहेत. २०२० च्या संहितेनेही ती सूट कायम ठेवली. त्यामुळे सूतगिरणीतल्या कामगाराला ताप आला, तर ७० टक्के वेतन मिळू शकते. त्याच गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनिंगमधल्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो. कायद्यातला ‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याच आवारात दुसरे, जिनिंगशी संबंध नसलेले उत्पादन चालत असेल, तर ते जिनिंग हंगामी मानायचे का, हा प्रश्न महामंडळाकडे लेखी उपस्थित करता येतो. हंगाम सुरू असतानाच तो केलेला चांगला, कारण नंतर ना मजूर एकत्र सापडतात, ना हजेरीपट.