आधी वेचणे, मग ओळखणे

रोगनिदानाच्या उपकरणांचा इतिहास बहुतेक वेळा ओळखण्याच्या साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सूक्ष्मदर्शक आला, रंग देण्याच्या पद्धती आल्या, प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या, डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर आले आणि शेवटी केसाहून बारीक वाहिन्या कोरलेली चिप आली, असा तो क्रम असतो. या मांडणीतून एक मोठे काम निसटते. जे ओळखायचे ते नमुन्यात फार विरळ असते, म्हणून ते आधी एका जागी गोळा करावे लागते. सूक्ष्मप्रवाही चिपांचा, म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्सचा, गेल्या साडेचार दशकांचा इतिहास पाहिला तर माझे मत असे होते की या विद्येला खरे यश मिळाले ते तिने गाळण्याचे आणि वेचण्याचे हे जुने काम मनापासून पत्करले तेव्हा. केवळ लहान होण्याच्या बळावर तिने जिथे भिस्त ठेवली, तिथे ती दवाखान्याच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचली.

हे काम किती जुने आहे ते क्षयाच्या तपासणीत दिसते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर बेडका काचपट्टीवर पसरून, रंगवून पाहण्याची पद्धत जगभर रुळली. तिची मर्यादा रंगात किंवा भिंगात नव्हती, नमुन्याच्या आकारात होती. काचपट्टीवर पसरला जातो तो जेमतेम ०.०१ मिलिलिटर बेडका. एका मिलिलिटरमध्ये ५,००० जंतू असले तर त्या पट्टीवर ५० येतात आणि ते भिंगाखालच्या सुमारे १०,००० क्षेत्रांत विखुरतात. तंत्रज्ञाने नेमाने १०० क्षेत्रे तपासली तरी एक जंतू दिसण्याची शक्यता निम्म्याहून कमीच राहते. जंतू त्याहून कमी असलेला रुग्ण ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो आणि खोकत राहतो. जर्मनीत उलेनहूथ यांनी १९०८ मध्ये यावर जो उपाय काढला तो भिंगाशी संबंधित नव्हताच. दारूच्या कारखान्यांतली पिंपे धुण्यासाठी वापरले जाणारे अँटिफॉर्मिन नावाचे तीव्र द्रावण त्यांनी बेडक्यात मिसळले. त्यात चिकट द्रव्य आणि इतर जंतू विरघळले, मेणचट आवरणाचा क्षयजंतू मात्र टिकला, आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवल्यावर तो तळाशी साचला. अमेरिकेत पेट्रॉफ यांनी १९१५ मध्ये साध्या कॉस्टिक सोड्याने हेच साधले. पुढे वर्षानुवर्षे क्षयाच्या प्रयोगशाळांत जे चालले ते याच पद्धतीचे सुधारित रूप होते.

पाण्याच्या तपासणीत हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. गटिंगनचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड झिग्मोंडी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात कृत्रिम पडद्याची अतिसूक्ष्म गाळणी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी जर्मन शहरांचे नळ फुटले तेव्हा पाण्यात मैलाजंतू मिसळले आहेत का हे लवकर सांगणे जीवनमरणाचे झाले आणि ही गाळणी तिथल्या प्रयोगशाळांच्या कामी आली. १०० मिलिलिटर पाणी तिच्यातून ओढायचे, जंतू वर अडकतात, आणि तोच पडदा पोषकद्रव्यावर ठेवला की एकेका जंतूची वसाहत डोळ्यांना दिसते. आजही पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा मैलाजंतू आढळता कामा नये असे सांगते. त्या आकड्यामागे गोळा करण्याची ही परंपरा उभी आहे. थेंबभर पाणी तपासून हे मानक कुणालाच पाळता येणार नाही.

सूक्ष्मप्रवाही उपकरणांचा जन्म मात्र वेगळ्या घरात झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन टेरी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पाच सेंटिमीटरच्या सिलिकॉन तबकडीवर दीड मीटर लांबीची सर्पिल वाहिनी कोरून वायूंचे पृथक्करण करून दाखवले. १९९० मध्ये बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत काम करणारे आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लहान उपकरणात बसवण्याची कल्पना मांडली. त्यांचा हिशेब पक्का होता: वाहिनी दहापट अरुंद केली की रेणूंना पसरायला लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. या कल्पनेने एक पिढी भारावली आणि ते योग्यच होते. पण हा हिशेब ज्या द्रावणांसाठी खरा होता त्यांत शोधायचा पदार्थ भरपूर होता. रुग्णाच्या नमुन्याला तो लावला की गणित उलटते. एक नॅनोलिटर म्हणजे मिलिलिटरचा दहा लाखावा भाग. ५,००० जंतूंच्या त्याच बेडक्यातून चिपने एक नॅनोलिटर घेतला तर दोनशे वेळा घेऊन सरासरी एकदाच जंतू हाती येईल. उरलेल्या १९९ वेळा चिप कितीही अचूक असली तरी ती रिकामे पाणीच तपासत राहील. उपकरण लहान करण्यात जेवढे यश मिळे, तेवढी ही अडचण वाढत जाई.

कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सेफिड कंपनीतल्या लोकांनी ही अडचण लवकर ओळखली. संस्थापकांपैकी कर्ट पीटरसन हे सिलिकॉन कोरण्याच्या विद्येतले अग्रणी, तरीही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ठामपणे सांगितले की नमुन्याचे आकारमान जंतूंची विरळता ठरवते, कारागिराची हौस नव्हे. आरंभी त्यांनी चिपवर सिलिकॉनचे बारीक खांब उभारले. योग्य क्षारांच्या द्रावणात डीएनए काचेसारख्या पृष्ठभागाला चिकटतो. खांबांमधून मोठा नमुना वाहू द्यायचा, डीएनए खांबांवर धरायचा, मळ धुऊन टाकायचा आणि मग थोड्याशा द्रवात डीएनए सोडवून घ्यायचा, अशी ती योजना होती. पण जीनएक्सपर्ट म्हणून जे यंत्र पुढे जगभर गेले, त्याच्या कार्ट्रिजमध्ये ते सिलिकॉनचे खांब नाहीत. ते प्लॅस्टिकचे आहे. त्यात मिलिलिटरच्या मापाचा द्रव मावतो, फिरत्या झडपेने तो एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो, जंतू एका गाळणीवर अडकतात, धुतले जातात, ध्वनिलहरींनी फोडले जातात आणि मगच डीएनए पीसीआरच्या कप्प्यात पोचतो. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटे टपालाने गेली आणि पाच माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या टपालखात्याने वर्गीकरण केंद्रांत बसवलेल्या पहारायंत्रांत याच कार्ट्रिजचा उपयोग झाला. तिथे तर आधी हवा ओढून तिच्यातले कण पाण्यात उतरवावे लागत. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयासाठी या यंत्राची शिफारस केली. मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू असले तरी ते सापडू लागले. २०१७ मध्ये ‘अल्ट्रा’ हे सुधारित कार्ट्रिज आले तेव्हा ही मर्यादा १६ च्या आसपास उतरली. त्या सुधारणेचे एक कारण असे की जंतूच्या डीएनएत अनेकदा येणारे तुकडे लक्ष्य म्हणून निवडले गेले. दुसरे कारण माझ्या मते अधिक बोलके आहे: पीसीआरचा कप्पा २५ मायक्रोलिटरवरून ५० मायक्रोलिटर केला गेला. लहान करण्याच्या विद्येत पुढचे पाऊल आकार दुप्पट करून पडले.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की पीसीआरसारखे तंत्र एका रेणूच्या कोट्यवधी प्रती काढते, मग गोळा करण्याची गरजच काय? पण तो एक रेणू नळीत असला तर ना. जो जंतू नमुन्याच्या न घेतलेल्या भागात राहिला त्याच्या प्रती कुठलेही विकर काढू शकत नाही. शिवाय रक्तातले आणि बेडक्यातले कितीतरी घटक या विकरांना अडवतात, म्हणजे वेचण्याबरोबर धुणेही आलेच. दुसरा आक्षेप गरोदरपणाच्या पट्टीचा. लघवीचे चार थेंब आणि काही मिनिटांत दोन रेघा. तिथे कोणती गाळणी लागते? उत्तर सोपे आहे: पट्टी जे संप्रेरक शोधते ते गरोदर स्त्रीच्या लघवीत मुबलक असते, म्हणून ती चालते. मलेरियाची पट्टीही रक्तात परजीवी पुरेसे असले तरच रेघ दाखवते. मुबलक गोष्टीसाठी थेंब पुरतो, हे मला मान्यच आहे. माझे म्हणणे विरळ गोष्टींबद्दलचे आहे, आणि क्षय, रक्तातला जंतुसंसर्ग, कर्करोगाच्या भटक्या पेशी या साऱ्या विरळ गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काही गोष्टी लहान आकारामुळेच शक्य होतात. एमआयटीत जाँगयून हान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नॅनोमीटरच्या मापाच्या वाहिन्यांच्या तोंडाशी विजेच्या जोरावर प्रथिने अडवून ठेवली आणि त्यांची दाटी दहा लाख पटींपर्यंत वाढवली. कुठलेही सेंट्रिफ्यूज हे करू शकत नाही. त्यातले विज्ञान सुंदर आहे आणि त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पण तो प्रयोग स्वच्छ, कमी क्षाराच्या द्रावणात झाला. रक्ताइतके मीठ असले की वाहिनीच्या भिंतीलगतचा विद्युतभाराचा थर आकसतो आणि पकड सैल होते. शिवाय जितकी वाहिनी अरुंद तितका नमुना तिच्यातून सावकाश जातो. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेहमेत टोनर यांच्या गटाने, ज्यात सुनिता नागरथ या अभियंत्या अग्रभागी होत्या, २००७ मध्ये ७८,००० सूक्ष्म खांबांची चिप बनवली. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात, त्यांत कर्करोगाच्या मोजक्या पेशी शोधायच्या. खांबांवर लावलेली प्रतिपिंडे त्या पेशींना धरून ठेवत. रुग्णांच्या ११६ नमुन्यांपैकी ११५ मध्ये अशा पेशी सापडल्या. पण रक्त वाहे तासाला एक-दोन मिलिलिटर. त्याच गटाने २०१३ मध्ये जी पुढची रचना आणली तिचा भर वेगावर होता: तासाला आठ मिलिलिटर, आधी आकारावरून चाळणी, मग चुंबकाने वेचणी. म्हणजे खुद्द लहान आकाराच्या कैवाऱ्यांचा प्रवासही अधिक नमुना पचवण्याकडेच झाला.

उलट दिशेने गेलेल्यांची कथा न्यायालयाच्या दफ्तरात आहे. बोटाच्या टोकावरच्या काही थेंबांत अनेक चाचण्या करण्याचे वचन देणाऱ्या थेरॅनोस कंपनीने, २०१५ पासून उघड झाले त्याप्रमाणे, बऱ्याच चाचण्या इतर कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर केल्या. त्या यंत्रांना पुरेल इतके आकारमान व्हावे म्हणून थेंबात द्रव मिसळून तो पातळ केला जात होता. विरळ पदार्थ आणखी विरळ करण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. फसवणूक हा माणसाचा गुन्हा, पण इतके जाणते लोक तिला भुलले कारण ‘एका थेंबात सारे’ ही कल्पना कुणीच गणिताला लावून पाहिली नाही.

आपल्याकडच्या ट्रूनॅट या क्षयचाचणीचा विचार या पार्श्वभूमीवर व्हायला हवा. गोव्यातली मोल्बिओ डायग्नॉस्टिक्स ही कंपनी ती बनवते, तिच्यामागचे संशोधन बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेचे, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. बातम्यांमध्ये कौतुक झाले ते चिपचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पीसीआर यंत्राचे. पण या संचात यंत्रे दोन असतात. चिप वाचणाऱ्या यंत्राआधी ट्रूप्रेप नावाचे वेगळे यंत्र बेडक्यातले जंतू फोडते, डीएनए कार्ट्रिजमधल्या थरावर धरते, धुते आणि थोड्या द्रवात उतरवून देते. त्यातले काही मायक्रोलिटर मग चिपवर जातात. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वातानुकूलित खोली नाही आणि वीज केव्हाही जाते, तिथे जंतूचा डीएनए तपासता येतो तो या पहिल्या यंत्राच्या कष्टावर.

म्हणून नव्या निदानयंत्राची खरेदी करणाऱ्या जिल्हा परिषदांनी, महापालिकांनी आणि त्याबद्दल लिहिणाऱ्या पत्रकारांनी विक्रेत्याला दोन प्रश्न आधी विचारावेत: यंत्र किती मिलिलिटर नमुना घेते, आणि त्यातले किती चिपपर्यंत पोहोचवते?