साखर रक्तातच का अडकते? गोव्यातल्या मधुमेहामागची प्रथिनांची गोष्ट

पेडणे/डिचोली : आयसीएमआर-इंडिअॅब सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहात गोवा देशात पहिला निघाला. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याचं प्रमाण २६.४ टक्के. म्हणजे साधारण दर चार प्रौढांत एकाला साखर. पलीकडचे दोडामार्ग, सावंतवाडीचे रुग्णही बांबोळीच्या गोमेकॉतच येतात, तेव्हा हा विषय सीमेच्या दोन्ही बाजूंचा.

शीतकडी खा नाहीतर पाव-भाजी, त्यातल्या पिष्टाचं शेवटी ग्लुकोजच होतं. ते रक्तातून पेशीत जायला इन्सुलिन लागतं.

इन्सुलिन हे प्रथिन स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत बनतं. आधी ११० अमिनो आम्लांची साखळी तयार होते. तिच्या सुरुवातीच्या २४ आम्लांत चक्क पत्ता असतो. ४०३५१२ लिहिलं की टपाल पेडण्याला, ४०३५०४ लिहिलं की डिचोलीला, तसंच हे. माल योग्य कप्प्यात शिरला की पत्त्याचा तुकडा कापून टाकतात. प्रथिनांवरचा हा पत्ता शोधणारे ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पुढे साखळी बारीक पुड्यांत भरली जाते, मधला तुकडा निघतो आणि ५१ आम्लांचं इन्सुलिन उरतं. या पुड्या वाहून न्यायला कायनेसिन नावाचं हमाल-प्रथिन आहे. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून ते चालतं, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं!

आता स्नायूची पेशी. निरोप द्यायला इन्सुलिनला आत शिरावं लागत नाही. ते बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरचं आतलं टोक शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, ते पुढच्याला जागं करतं. असा निरोप ग्लुट-४ पर्यंत पोचतो. ग्लुट-४ म्हणजे साखरेचं दार. एरवी ही दारं पेशीच्या आत गोदामात पडून असतात; निरोप आला की कडेला येऊन बसतात, इन्सुलिन ओसरलं की परत आत.

टाइप-२ मध्ये इन्सुलिन असतं, पण निरोप वाटेत अडखळतो. स्वादुपिंड जास्त माल काढत राहतं आणि काही वर्षांनी दमतं. टाइप-१ मध्ये प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. अशा रुग्णानं कुणा औषधीवाल्याचं ऐकून इंजेक्शन थांबवलं, तर जिवावर बेततं.

स्नायू हलले की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही कडेला येतं. डॉक्टर चालायला सांगतात ते नुसतं वजनासाठी नव्हे. मात्र इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर फिरायला जाताना खिशात गोड काहीतरी ठेवावं.

तो कापलेला मधला तुकडा, सी-पेप्टाइड, वाया जात नाही. जेवढं इन्सुलिन बाहेर पडतं, तेवढाच तोही रक्तात येतो. आमच्या कॉमर्सच्या भाषेत ही पावतीची स्थळप्रत. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनात तो नसतो, त्यामुळे इंजेक्शन चालू असतानाही शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, ते सी-पेप्टाइडच्या तपासणीत कळतं.